पुड्यावरचे अक्षर, पोत्यातला दाणा

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटच्या किराणा दुकानात अन्न दोन रूपांत मांडलेले असते. दर्शनी बाजूला पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबतात. त्यांत चिप्स असतात, मसाल्याचे शेंगदाणे असतात, फुगवलेल्या मक्याच्या नळ्या आणि बिस्किटांचे छोटे पुडे असतात. मागच्या बाजूला तोंड उघडलेली पोती, त्यांत तूरडाळ, हरभरा, पोहे, गूळ. पुढच्या अन्नावर रंग, चित्रे, अक्षरे, आकडे आणि काळ्या रेघांची एक पट्टी छापलेली असते. मागच्या अन्नावर काहीच छापलेले नसते. ते हाताने चाचपून, वास घेऊन, दोन दाणे दाताखाली धरून पारखायचे असते, आणि ही पारख आईकडून लेकीकडे येते.

मोबाईलचा कॅमेरा त्या काळ्या रेघांवर धरायचा आणि ही वस्तू खावी की न खावी, तिच्याऐवजी काय घ्यावे, ती बनवताना पाण्याला, मातीला, हवेला किती तोशीस पडली, हे अ‍ॅपने सांगायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. जगात अशी अ‍ॅप आज पुष्कळ आहेत आणि कोट्यवधी माणसे ती वापरतात. ती आपल्या घाटावरच्या गावांतही वापरली जावीत असे मला मनापासून वाटते. पण वापरण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. अ‍ॅपला छापलेले तेवढेच दिसते. आपल्या ताटातले बरेचसे अन्न छापील नाही. त्यामुळे अ‍ॅप हातात घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन मागण्या कराव्या लागतील : पुड्यावर जे छापले जाते ते खरे आणि कळेल असे असावे, आणि जे सुटे मिळते त्याचीही कुणीतरी जबाबदारीने तपासणी करून माहिती द्यावी. हे पुस्तक वाचताना या दोन्ही मागण्या वाचकाच्या मनात असाव्यात, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी अ‍ॅप काम कसे करते ते पाहू. बारकोडमध्ये साखर-मिठाचा कसलाही हिशेब नसतो. त्यात असतो फक्त एक आकडा, आपल्याकडच्या पुड्यांवर बहुधा 890 ने सुरू होणारा 13 अंकी. 890 म्हणजे माल भारतात बनला असे अनेकजण समजतात. त्याचा खरा अर्थ एवढाच, की कंपनीने तो क्रमांक भारतातल्या बारकोड संस्थेकडून घेतला आहे. अ‍ॅप हा आकडा वाचते आणि इंटरनेटवरच्या एका मोठ्या वहीत तो शोधते. त्या वहीत कुणीतरी त्या पुड्याची माहिती आधी भरून ठेवलेली असेल तरच उत्तर येते. अ‍ॅपची खरी किंमत या वहीत आहे. ती कुणी लिहिली, कोणत्या देशात लिहिली, शेवटची कधी तपासली, यावर सगळे अवलंबून.

फ्रान्समध्ये 2012 साली स्टेफान जिगांदे यांनी ‘ओपन फूड फॅक्ट्स’ नावाची अशी वही सर्वांसाठी खुली केली. तिची मालकी कुणा एका कंपनीकडे नाही. पुड्याचे फोटो काढून कुणीही तिच्यात भर घालू शकतो, आणि आज तिच्यात तीस लाखांहून अधिक वस्तू आहेत. तिथेच 2017 मध्ये ‘यूका’ हे अ‍ॅप आले. ते प्रत्येक वस्तूला शंभरपैकी गुण देते. साठ गुण पोषणाचे, तीस अ‍ॅडिटिव्हचे (म्हणजे चव, रंग किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांचे), दहा सेंद्रिय असल्याचे. ऑस्ट्रेलियात 2012 मध्ये जॉर्ज इन्स्टिट्यूटने ‘फूडस्विच’ काढले. त्यात साखर, मीठ, चरबी यांपुढे लाल, पिवळा, हिरवा असा सिग्नल दिसतो, आणि खाली त्याच जातीच्या बऱ्या वस्तू सुचवल्या जातात. ते पुढे भारतातही आले. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही 2019 मध्ये ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे अ‍ॅप दिले. त्याच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण आपल्या कामाचे तेच जास्त आहे.

या अ‍ॅपचा परिणाम होतो का? होतो. फ्रान्समधल्या अँतरमार्शे या मोठ्या दुकानसाखळीने 2019 मध्ये स्वतःच्या सुमारे 900 पदार्थांच्या कृती बदलून 142 अ‍ॅडिटिव्ह काढून टाकत असल्याचे जाहीर केले. कारण उघड होते : गिऱ्हाईक दुकानात उभ्या उभ्या स्कॅन करत होते आणि लाल गुण दिसला की वस्तू परत फळीवर ठेवत होते. पुढे मांसप्रक्रिया करणाऱ्या उद्योगाने, मांस टिकवायला घालतात त्या नायट्राइटबद्दल अ‍ॅपने दिलेल्या इशाऱ्यावरून, यूकावर खटले भरले, आणि अपिलात यूका जिंकले. लाखो माणसे एकच प्रश्न विचारू लागली की कारखान्यातली कढई बदलते, हे या गोष्टीत मला सर्वांत मोलाचे वाटते. एकट्या माणसाने बिस्किट सोडले तर कंपनीला पत्ता लागत नाही.

आता एक पुडा हातात घेऊन पाहू. साधे गोड बिस्किट. उलट बाजूला, शिवणीजवळ, मिलिमीटरभर उंचीच्या अक्षरांत घटकांची यादी असते. कायद्याप्रमाणे ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. जे सर्वांत जास्त ते आधी. पहिला असतो मैदा. बहुतेक वेळा आधी त्याला गव्हाचे पीठ म्हटलेले असते आणि मैदा हा शब्द कंसात असतो. दुसरी साखर. तिसरे पामतेल. मग इन्व्हर्ट सिरप, म्हणजे साखरच, पातळ रूपात. ती वेगळ्या नावाने लिहिल्यामुळे साखरेचा एकूण वाटा यादीत विभागला जातो. त्यापुढे आकडे येतात. 500(ii) म्हणजे आपला खाण्याचा सोडा. 503(ii) हा अमोनियाचा क्षार, बिस्किट फुगवणारा. 322 म्हणजे लेसिथिन, आणि ते बहुधा सोयाबीनचे. बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी जे पीक पोत्यात भरून बाजार समितीत नेतो, तेच त्याच्या नातवाच्या पुड्यावर तीन आकड्यांत लिहून येते. चिप्सच्या पाकिटावर 330 दिसला तर तो लिंबातलाच आंबटपणा, सायट्रिक आम्ल. 621 म्हणजे ज्याला आपण अजिनोमोटो म्हणतो तो. 627 आणि 631 त्याचे सोबती, चव वाढवणारे.

हे आकडे पाहून घाबरायचे कारण नाही, आणि या पुस्तकात कुठेही कुणाला घाबरवलेले नाही. खाण्याचा सोडा आपण ढोकळ्यात घालतोच. आकड्यांपेक्षा जास्त काळजी करावी अशी गोष्ट शेजारच्या चौकटीत असते. तिथे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते, मीठ म्हणून लिहिलेले नसते. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते. शंभर ग्रॅममागे 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. दिवसभरात मोठ्या माणसाने सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातली भाजी, लोणचे, पापड, ठेचा यांनीच ही मर्यादा गाठलेली असते. वरून पाकीट. साखरेचा हिशेबही असाच : शंभर ग्रॅममागे 25 ग्रॅम साखर याचा अर्थ पुड्याचा चौथा हिस्सा साखर. हा गुणाकार-भागाकार सातवीतल्या मुलीला येतो. अ‍ॅप तो क्षणात करून देते, पण एकदा स्वतः करून पाहिलेला हिशेब माणूस विसरत नाही. म्हणून मुलांना अ‍ॅप देण्याआधी एक पुडा कागद-पेन्सिल घेऊन वाचायला लावावा असा माझा आग्रह आहे.

मग भाषेचा प्रश्न. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. इतर भाषा वापरायची मुभा आहे, सक्ती नाही. ही मुभा कंपन्या जाहिरातीपुरती घेतात. पुढच्या बाजूला मराठीत मोठे नाव येते, मागची घटकांची यादी मात्र इंग्रजीतच राहते. देऊळघाटात घराघरात मराठी आणि उर्दू बोलली जाते. या दोन्ही भाषांत ज्याला वाचता येते त्याला सुद्धा ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द इंग्रजी लिपीत अडतो. ज्या आजीला अजिबात वाचता येत नाही तिचा तर कुणी विचारच केलेला नाही. आणि नातवाला दुकानातून पाकीट घेऊन देणारी बहुतेक वेळा तीच असते.

तरीही आपल्याकडे एक खूण आहे जी या आजीला पक्की कळते. हिरवा ठिपका. या शतकाच्या सुरुवातीला पुड्यावर शाकाहारी-मांसाहारीची खूण सक्तीची झाली आणि काही वर्षांत खेड्यापाड्यातले माणूस पुडा हातात घेताच ती पाहू लागले. कुणी वर्ग घेतले नाहीत, अ‍ॅप नव्हते, वाचता येण्याची गरज नव्हती. ज्याला ती माहिती हवी होती त्याला ती दर्शनी बाजूला, एका रंगात, चुकणार नाही अशी मिळाली. आपले गिऱ्हाईक लेबल पाहत नाही असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही, ते या ठिपक्यामुळे. त्याला पाहण्याजोगे काही दिले तर ते पाहते.

अशीच खूण जास्त साखर, जास्त मीठ आणि जास्त चरबी असलेल्या वस्तूंवर का नाही? चिली देशाने 2016 पासून अशा वस्तूंच्या दर्शनी बाजूला काळे अष्टकोन छापणे बंधनकारक केले. जाहिरातींवर आणि शाळेतल्या विक्रीवर बंधने आणली. तिथल्या कुटुंबांची खरेदी तपासणाऱ्या एका अभ्यासात अशा गोड पेयांची खरेदी जवळजवळ चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. आपल्याकडे प्राधिकरणाने सप्टेंबर 2022 मध्ये ताऱ्यांच्या खुणेचा मसुदा काढला, अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. त्याला आरोग्यक्षेत्रातल्या अनेकांनी विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. भरपूर साखर असलेल्या वस्तूत थोडे काजू किंवा फळाचा गर घातला की तारा वाढतो, आणि तारा हे बक्षीस आहे, इशारा नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावरची जनहित याचिका निकाली काढताना तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात असे सांगितले. नंतर मुदत वाढवली गेली.

या सगळ्याला लोकांमध्ये जागा मिळाली ती एका चित्रफितीमुळे. एप्रिल 2023 मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटामधल्या साखरेबद्दल बोललेली फीत देशभर फिरली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याने ती काढून टाकली, पण तोवर प्रश्न घरोघरी पोचला होता. वर्षभराने, एप्रिल 2024 मध्ये, केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितले, कारण अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मुलाची उंची वाढावी म्हणून पोटाला चिमटा घेऊन अशा पेयांचे डबे आणले जातात. त्या आईला कुणी मूर्ख म्हणू नये. डब्यावर तिला जे सांगितले गेले त्यावर तिने विश्वास ठेवला.

इथवर पुड्याची बाजू झाली. आता पोत्याकडे वळतो, कारण आपल्या जिल्ह्यात अन्नाबद्दलची अलीकडची सर्वांत मोठी घटना पोत्यातून आली.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस घाटाखाली, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस गळू लागले. गळण्याची तऱ्हा भयंकर होती : आधी डोक्याला खाज, मग केस हातात यायला लागायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, तरुण मुली, शाळकरी पोरे, कुणीही सुटले नाही. लोकांनी डोकी भादरून घेतली. कॉलेजच्या मुली घराबाहेर पडेनात, ठरलेली लग्ने अडली. आधी संशय पाण्यावर आला, पाण्याचे नमुने घेतले गेले. मग बुरशीवर, मग शाम्पूवर. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथक आले. रायगड जिल्ह्यातल्या महाडला राहून विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः गावांत येऊन माणसांचे रक्त, लघवी, केस आणि घरातल्या धान्याचे नमुने घेतले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितला : रेशनच्या गव्हात सेलेनियम फार होते, इथल्या गव्हाच्या मानाने सुमारे सहाशे पट. रुग्णांच्या रक्तातही ते कित्येक पटींनी वाढलेले आढळले. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असे त्यांचे म्हणणे. तिकडे शिवालिकच्या पायथ्याच्या काही भागांत जमिनीतच सेलेनियम जास्त असते, हे कृषिशास्त्रज्ञांना जुने माहीत आहे. अठरा गावांतल्या 279 माणसांना हा त्रास झाल्याची नोंद त्यांनी केली. पंजाबमधून या निष्कर्षाला विरोधही झाला. पण आपल्या प्रश्नाला त्याने बाध येत नाही.

प्रश्न असा : बोंडगावच्या बाईला आपल्या पिठात काय आहे हे कळायला कोणता मार्ग होता? गहू दिसायला गव्हासारखाच होता. त्याला वास नव्हता. भाकरी-पोळी नेहमीसारखीच लागत होती. घरातल्या पारखीला तो कळणे शक्य नव्हते, आणि जगातल्या कोणत्याही अ‍ॅपला तो स्कॅन करता आला नसता. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात अंगठा लावला की ई-पॉस मशीन पावती काढते. पावतीवर नाव असते, किलो असतात. गहू कुठला, कधीचा, कुठे तपासला, यातले काही नसते. सरकारचे ‘मेरा राशन’ अ‍ॅप 2021 पासून आहे. ते हक्काचे किती किलो, जवळचे दुकान कोणते, हे सांगते आणि त्याचा स्थलांतरित मजुरांना उपयोगही होतो. धान्य कसे आहे हे त्याला विचारता येत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. याचा अर्थ देशातल्या ज्या माणसाची निवड करण्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्याच अन्नावर सर्वांत कमी छापलेले असते. निरोगी अन्न निवडायला मदत करणाऱ्या साधनांची चर्चा या माणसापासून सुरू झाली पाहिजे. शहरातल्या मॉलपासून सुरू झालेली चर्चा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

माहिती न देण्याचा दुसरा दाखला रेशनच्या तांदळाचा. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 घातलेले कृत्रिम दाणे मिसळले गेले, शंभर किलोला एक किलो या प्रमाणात. हे दाणे जरा वेगळे दिसतात, पाण्यात काही वर तरंगतात. महाराष्ट्रभर लोकांनी त्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हटले, निवडून फेकले, काहींनी तो तांदूळ गुरांना घातला. या लोकांना अडाणी ठरवणारे अधिकारी मी ऐकले आहेत. पण अनोळखी दाणा दिसल्यावर तो पोरांना न घालणे ही शहाणी खबरदारी आहे. दुकानाच्या दारावर मराठीत आणि उर्दूत दोन ओळींचा फलक असता तर एवढे अन्न वाया गेले नसते.

आता अ‍ॅपच्या ‘याऐवजी हे घ्या’ या सोयीबद्दल. ती उपयोगी आहे, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. अ‍ॅपच्या वहीत पुडेच असल्यामुळे एका पुड्याला पर्याय म्हणून ते दुसरा पुडाच सुचवते. हे बिस्किट नको, ते घ्या. ही नळी नको, ती घ्या. ‘फुटाणे घे’ असे ते कधी सांगत नाही. भट्टीवरच्या गरम वाळूत भाजलेल्या, कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या फुटाण्यांवर रेघांची पट्टी नसते. शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात, वर काहीही चोपडलेले नसते, आणि तो हरभरा बहुधा याच जिल्ह्यातल्या रब्बीचा असतो. म्हणजे आपल्या बाजारातली सर्वांत चांगली वस्तू अ‍ॅपला दिसतच नाही. शेवग्याच्या शेंगा दिसत नाहीत. अंबाडीची भाजी दिसत नाही, कळण्याची भाकर दिसत नाही.

म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेचे अ‍ॅप मला जास्त जवळचे वाटते. ते पुड्यावर अवलंबून नाही. त्याच्यामागे याच संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके आहेत, 528 पदार्थांची, देशभरातून नमुने गोळा करून तपासलेली. त्यांत ज्वारी आहे, बाजरी आहे, मटकी आहे, नाना प्रकारच्या पालेभाज्या आहेत. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम तंतू, मैद्यात तीन ग्रॅमपेक्षाही कमी, हे तिथे दिसते. याच संस्थेने मे 2024 मध्ये आहाराची सतरा मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि सतरावे तत्त्व लेबल वाचण्याचे आहे. शेवटचे. आधीची सोळा बरीचशी घरच्या ताटाबद्दल आहेत, आणि हा क्रम योग्य आहे.

पर्यावरणाच्या गुणांचे तर याहून अवघड. युरोपात वस्तूच्या पर्यावरणावरच्या भाराला इंग्रजी अक्षरांची श्रेणी देणारा ‘इको-स्कोअर’ 2021 पासून दिसू लागला. तो फ्रान्सच्या ‘अ‍ॅग्रिबालिज’ या माहितीसाठ्यावर बेतलेला आहे. फ्रान्समधला गहू, फ्रान्समधले दूध, तिथली गोदामे, तिथल्या मालगाड्या. त्या मापाने घाटावरच्या कोरडवाहू ज्वारीला गुण कसे देणार? इथे ज्वारी म्हणजे धान्य आणि कडबा दोन्ही. धान्य माणसाला, कडबा बैलाला, बैलाचे शेण पुन्हा शेताला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, कारण हातात रोकड येत होती. शेतकऱ्याचा निर्णय त्याच्या अडचणीतून आला आणि त्याला दोष देता येत नाही. पण कडबा गेला तशी दावणीची जनावरे कमी झाली, शेणखत कमी झाले, आणि ताटातली भाकर कमी होऊन रेशनच्या गव्हाची पोळी आली. सोयाबीनचे तेल गाळले जाते, ढेप कोंबड्यांच्या खाद्याला जाते, आणि त्याच शेतकऱ्याच्या घरी येणाऱ्या पाकिटात इंडोनेशिया-मलेशियाकडून आलेले पामतेल असते. ‘टिकाऊ अन्न’ म्हणतात ते आपल्याकडे नेमके कोणते, याचा हिशेब आपल्याच कृषी विद्यापीठांनी आणि आपल्याच शेतकऱ्यांनी मांडायला हवा. तो मांडला जाईपर्यंत पर्यावरणाच्या अक्षरी श्रेणीकडे सावधपणे पाहावे.

पाकिटांच्या कचऱ्याबद्दल एवढेच, की ही चकचकीत पाकिटे अनेक थरांची असतात, भंगारवाला ती घेत नाही, आणि पैनगंगेच्या उगमाकडच्या या मुलखातला नाला त्यांनी तुंबतो तेव्हा तो भार कोणत्याच गुणांत धरलेला नसतो.

मग या गावात अ‍ॅप कुणी वापरावे? मला वाटते, सर्वांत आधी शाळेतल्या मुलामुलींनी, आणि मग बचतगटातल्या बायकांनी. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत असा 2020 चा नियम आहे. तो पाळला जातो का हे पाहायला मुलांना पुडा वाचता आला पाहिजे. बचतगटाच्या बायका पापड, कुरडया, मसाले, लोणची करतात. त्यांच्या मालावर लेबल लावायची वेळ आली की पोषणाची चौकट, घटकांचा क्रम, 14 अंकी परवाना क्रमांक ही सगळी माहिती त्यांनाच लागते. लेबल लिहायला शिकलेली बाई दुसऱ्याचे लेबल नीट वाचते. परवाना क्रमांक खरा आहे की नाही हे प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर पाहता येते, तिथेच तक्रारही करता येते, आणि त्याची रीत पुढच्या पानांत पायरीपायरीने दिली आहे. आपल्या भागात बनणारे फरसाण, शेव, बेकरीची खारी या वस्तू कोणत्याच अ‍ॅपच्या वहीत नसतील. त्यांचे फोटो काढून खुल्या वहीत भरण्याचे काम बुलढाण्याच्या कॉलेजातली मुले एका उन्हाळ्यात करू शकतील. मराठीत, आपल्या शब्दांत.

आणि पोत्याचे काम वेगळे. ते अ‍ॅपने होणार नाही, ग्रामसभेने आणि तहसील कचेरीच्या दारात उभे राहून होईल. गोदामात गव्हाची खेप उतरते तेव्हा तिचा नमुना काढून प्रयोगशाळेत जावा. अहवाल येईपर्यंत ती खेप दुकानात जाऊ नये. खेप कोणत्या राज्यातली, कोणत्या हंगामातली, आणि तपासणीत काय निघाले, हे ई-पॉसच्या त्याच पावतीवर, किलोच्या खालच्या ओळीत, मराठीत छापावे. मशीन आहे, कागद आहे, अंगठ्याबरोबर इंटरनेटही जोडलेले आहे. एवढी एक ओळ वाढवून मागण्याचा ठराव कोणत्याही गावच्या पुढच्या ग्रामसभेत मांडता येतो, आणि त्याचा मसुदा या पुस्तकाच्या शेवटी जोडला आहे.